सतरा वर्षांचा खांदा



क्रीडाशिक्षकाच्या नावाने चालणारी व्याख्यानमाला आपल्याकडे विरळाच. संतांच्या, समाजसुधारकांच्या, सहकारमहर्षींच्या नावाने मंडप पडतात. पीटीच्या सरांच्या नावाने कोण कशाला मंडप घालतो? तुम्ही घातलात, म्हणून विषयही सरांच्याच खात्यातला घेतला आहे. गोष्ट एका खेळाडूची आहे, पण तिच्या मधोमध एक शाळामास्तर उभा आहे. खेळ बेसबॉल, गाव जपानमधलं. फोनवर विषय सांगितला तेव्हा कार्यकर्ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘‘सर, क्रिकेट चाललं नसतं का?’’ चाललं असतं. पण क्रिकेटवर आपल्या सगळ्यांची मतं आधीच ठरलेली असतात. बेसबॉलवर आज या सभागृहात फारसं कुणाचं मत नसावं, आणि माझ्या कामाला ते बरं आहे.

तारीख २५ जुलै २०१९. जपानच्या ईशान्येला इवाते नावाचा प्रांत आहे. मोरिओका ही त्याची राजधानी. तिथल्या स्टेडियममध्ये त्या दिवशी प्रांताच्या शालेय बेसबॉल स्पर्धेचा अंतिम सामना होता. एका बाजूला हानामाकी हिगाशी, खासगी आणि नावाजलेली शाळा. ज्या शोहेई ओहतानीचं नाव तुम्ही पेपरात वाचता, तो याच शाळेचा. दुसऱ्या बाजूला ओफुनातो, समुद्रकाठच्या मच्छीमार बंदराच्या गावातली सरकारी शाळा. जिंकणारा संघ कोशिएनला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होता. ओफुनातो शाळा कोशिएनला शेवटची गेली होती १९८४ साली. मध्ये ३५ वर्षं गेली. पण त्या वर्षी त्यांच्याकडे रोकी सासाकी होता. त्याला बघायला माणसं लांबून आली होती आणि टीव्हीवाले कॅमेरे लावून बसले होते.

संघ जाहीर झाला, त्यात रोकीचं नाव नव्हतं. पिचर म्हणून नव्हतं आणि फलंदाज म्हणूनही नव्हतं. सबंध सामना तो बाकावर बसून होता. ओफुनातो २-१२ अशी हरली.

आता हा मुलगा कोण, ते सांगतो. पिचर म्हणजे आपल्याकडच्या गोलंदाजाच्या जागचा माणूस. फरक असा की त्याला धावत येता येत नाही. मातीच्या एका उंचवट्यावर तो उभा राहतो, एक पाय उचलतो आणि १८.४४ मीटरवरच्या फलंदाजाकडे चेंडू फेकतो. चेंडूचा टप्पा पडत नाही. कोपर वाकवायला मोकळीक असल्यामुळे सगळा वेग पाय, कंबर, पाठ, खांदा आणि कोपर या साखळीतून येतो. क्रिकेटमध्ये नोंदलेला सर्वांत वेगवान चेंडू शोएब अख्तरचा, २००३च्या विश्वचषकातला, ताशी १६१.३ किलोमीटर. शोएब तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि सीमारेषेजवळून धावत यायचा. रोकी सासाकीने ६ एप्रिल २०१९ रोजी, राष्ट्रीय युवा संघाच्या निवड शिबिरात, जागच्या जागी उभं राहून ताशी १६३ किलोमीटरचा चेंडू टाकला. वय १७. ओहतानीने शाळेत असताना १६० गाठले होते आणि तेव्हा सगळा जपान चक्रावला होता. हा त्याच्याही पुढे गेला. त्याची चेंडू टाकण्याची ढब एकदा पाहिली की विसरत नाही. हा उंच, सडपातळ मुलगा डावा गुडघा इतका वर नेतो की बुटाचा तळवा जवळपास खांद्याच्या रेषेत येतो. तिथे क्षणभर तोल धरतो आणि मग सगळं अंग एकदम पुढे झोकून देतो.

(जाता जाता सांगतो, वेगवान हात ही काही जपान-अमेरिकेची मक्तेदारी नाही. २००८ साली उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून हेरलं गेलं आणि पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. पण हात असणं आणि हाताला लहानपणापासून वळण असणं यात फार अंतर आहे. दोघेही वरच्या लीगपर्यंत पोचले नाहीत.)

रोकीचा जन्म ३ नोव्हेंबर २००१चा, रिकुझेनताकाता या गावातला. गाव किनाऱ्यावरचं. समुद्र आणि वस्ती यांच्यामध्ये जवळपास सत्तर हजार पाइन वृक्षांची राई होती. ११ मार्च २०११च्या दुपारी भूकंप झाला आणि पाठोपाठ त्सुनामी आली. त्या राईतलं एकच झाड उभं राहिलं. पंचवीस हजारांच्या आतल्या त्या वस्तीतली सतराशेहून अधिक माणसं गेली. रोकी तेव्हा तिसरीत होता, नऊ वर्षांचा. शाळेतल्या मुलांबरोबर तो उंचावर पोचला म्हणून वाचला. वडील गेले, आजी-आजोबा गेले. आई तिन्ही मुलांना घेऊन शेजारच्या ओफुनातोत राहायला आली. मोठ्या भावाच्या मागे लागून रोकीने नुकतंच बेसबॉल सुरू केलं होतं. किनाऱ्यावरच्या कितीतरी शाळांच्या मैदानांवर तेव्हा बेघर झालेल्यांसाठी तात्पुरती घरं उभी राहिली होती. पोरांनी खेळायचं कुठे, हा प्रश्न सोडवून त्या भागातली मुलं खेळली.

त्सुनामीतून आलेला पोरका मुलगा आणि त्याचा १६३चा चेंडू, एवढ्यावर पत्रकारांनी कितीतरी रकाने भरले. मला त्याचा थोडा कंटाळा आहे. दुःखाने कुणाचा हात वेगवान होत नाही. त्याच किनाऱ्यावरच्या हजारो मुलांनी तेच सोसलं आणि ती आज मासळी बाजारात, बँकेत, नगरपालिकेत नोकऱ्या करत असतील. त्या आपत्तीचा त्याच्या खेळाशी संबंध मला दिसतो तो दुसऱ्याच ठिकाणी, शाळा निवडताना.

माध्यमिक शाळेत असताना त्याच्या कंबरेच्या हाडाला ताणामुळे चीर गेली. बरेच महिने खेळ बंद होता. तरीही नववी संपेपर्यंत त्याचं नाव पसरलं होतं आणि बलाढ्य खासगी शाळांची बोलावणी येत होती. जपानमध्ये अशा शाळांना वसतिगृह असतं, दिवे लावलेलं मैदान असतं, पगारी प्रशिक्षक असतात. तिथून व्यावसायिक लीगची वाट सरळ जाते. रोकीने नकार दिला. ज्यांच्याबरोबर आजवर खेळलो त्याच मुलांबरोबर गावच्या सरकारी शाळेतून कोशिएनला जायचं, असं त्याने ठरवलं. घर, बाप आणि गाव एका दुपारी गमावलेल्या मुलाला आपली टोळी मोडायची नव्हती, असं मी समजतो. तो स्वतः यावर फार बोललेला नाही. सतराव्या वर्षी बाकावर बसवलेल्या मुलाबद्दल बोलताना ही निवड ध्यानात ठेवायला हवी.

आता कोशिएन. जपानमध्ये व्यावसायिक बेसबॉल १९३६ साली सुरू झालं. त्याच्या आधीच, १९१५पासून, शालेय मुलांची राष्ट्रीय स्पर्धा होत होती. १९२४ साली ओसाकाजवळ कोशिएनचं स्टेडियम बांधलं ते या मुलांच्या स्पर्धेसाठी. ऐन ऑगस्टच्या उन्हात ४९ शाळा तिथे येतात. त्यांच्यामागे तीन हजारांहून अधिक शाळा आपापल्या प्रांतात हरून घरी गेलेल्या असतात. गटसाखळी नाही, दुसरी संधी नाही. हरलेली मुलं गुडघ्यावर बसून मैदानातली माती छोट्या पिशव्यांत भरतात आणि घरी नेतात. आषाढीच्या आधीचे पंधरा दिवस जसं आपल्याकडे सगळ्या बोलण्यात वारी शिरते, तसं त्या दिवसांत तिकडे होतं. कार्यालयांतही टीव्ही चालू असतात. आणि या सोहळ्याचा देव म्हणजे शाळेचा एकटा पिचर, जो पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत, रोज, दुखलं तरी, टाकत राहतो.

या देवाला नैवेद्य काय लागतो, तेही ऐका. १९९१ साली ओकिनावाच्या एका शाळेचा रिन ओनो या पिचरने अंतिम सामना धरून सहा सामन्यांत ७७३ चेंडू टाकले. ओकिनावा बेट १९७२पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात होतं. त्या बेटावरच्या शाळेने तोवर कोशिएन एकदाही जिंकलं नव्हतं. सगळं बेट रेडिओ-टीव्हीला कान लावून बसलेलं, आणि मुलाचं कोपर आतून मोडलेलं. त्याने दुखणं दाबलं. अंतिम सामना ते हरले. समारोपाच्या संचलनातलं त्याचं छायाचित्र जपानमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्या मुलांचे हात सरळ, याचा उजवा हात कोपरात वाकलेला, सरळच होईना. पुढे तो व्यावसायिक संघात गेला, पण क्षेत्ररक्षक म्हणून. पिचर म्हणून पुन्हा कधीच उभा राहिला नाही. त्यानंतर कोशिएनला पिचरांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. म्हणजे एक कोपर गेल्यावर.

तरी आकडे वाढतच राहिले. १९९८ साली दाइसुके मात्सुझाकाने एकाच सामन्यात, १७ डाव, २५० चेंडू टाकले. २००६ साली युकी साइतोने सात सामन्यांत ९४८. अंतिम सामना १५ डावांनंतर बरोबरीत सुटला, दुसऱ्या दिवशी पुन्हा झाला, आणि दोन्ही दिवस शेवटपर्यंत साइतोच. रुमालाने घाम टिपणारा तो देखणा मुलगा घराघरांत पोचला. व्यावसायिक लीगमध्ये त्याला मिळालेले विजय एकूण पंधरा. २०१८ साली आकिताच्या एका शेतकी शाळेच्या कोसेई योशिदाने कोशिएनमध्ये ८८१ चेंडू टाकले. प्रांतातले धरले तर त्या एका उन्हाळ्यात १५१७. सगळ्यांचेच हात मोडतात असं मात्र नाही. मात्सुझाका अमेरिकेत जाऊन वर्ल्ड सीरिज जिंकला. साइतोशी त्या अंतिम सामन्यात झुंजलेला मासाहिरो तानाका वयाच्या छत्तिशीत २०० विजयांपर्यंत पोचला. घोळ तिथेच होतो. जगलेल्यांची उदाहरणं समोर दिसतात, आणि मोडलेले मोजायला कुणी जात नाही.

ओफुनातोचे प्रशिक्षक योहेई कोकुबो तेव्हा ३२ वर्षांचे होते. शाळेत नोकरी करणारे शिक्षक. त्सुकुबा विद्यापीठात शिकलेले, आणि अमेरिकेत छोट्या स्वतंत्र लीगमध्ये थोडं खेळून आलेले. रोकीच्या हाडांची वाढ पुरी झालेली नाही हे त्यांना ठाऊक होतं. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक कोवळी पट्टी असते, तिथून हाड लांब होतं. स्नायू व्यायामाने दांडगे होतात, पण ती पट्टी आणि कोपरातला सांधा धरून ठेवणारा बंध त्याच गतीने मजबूत होत नाहीत. इंजिन रेल्वेचं आणि रूळ अजून ओले. १६० किलोमीटरचा प्रत्येक चेंडू हा त्या कोवळ्या जागेला दिलेला हिसका. म्हणून वर्षभर कोकुबोंनी त्याला जपूनच वापरलं.

त्या जुलैमध्ये प्रांताच्या स्पर्धेत पहिले दोन सामने हलके गेले, १९ आणि ९३ चेंडू. मग २१ जुलैला चौथ्या फेरीत मोरिओकाच्या एका शाळेविरुद्ध सामना बाराव्या डावापर्यंत लांबला. रोकीने १९४ चेंडू टाकले, २१ फलंदाज तीन स्ट्राइकवर, म्हणजे चेंडू मैदानात मारूच न देता, बाद केले आणि बाराव्या डावात होम रन मारून सामनाही त्यानेच जिंकून दिला. पुढच्या सामन्यात कोकुबोंनी त्याला अजिबात उतरवलं नाही. संघ कसाबसा, जादा डावांत जिंकला. २४ जुलैला उपान्त्य फेरी: १२९ चेंडू, १५ जण तीन स्ट्राइकवर बाद, समोरच्यांना एकही धाव नाही. आणि लगेच दुसऱ्या दिवशी अंतिम सामना.

सामन्यानंतर पत्रकारांनी घेरलं तेव्हा कोकुबोंनी सांगितलं ते थोडक्यात असं: दुखापत टाळण्यासाठी निर्णय घेतला. टाक म्हटलं असतं तर त्याने टाकलं असतं, पण तसं सांगण्याचा निर्णय मला घेता आला नाही. रोकी एवढंच म्हणाला की टाकायची इच्छा होती.

देश दुभंगला. शाळेत तक्रारींचे फोन खणखणत राहिले. ३०८५ हिट्सचा जपानी विक्रम नावावर असलेले इसाओ हारिमोतो टीव्हीवरून म्हणाले, खेळाडूने दुखापतीला भ्यायचं नसतं, त्याला टाकू द्यायला हवं होतं. हारिमोतोंना उडवून लावणं सोपं आहे. पण हिरोशिमाच्या बॉम्बमध्ये बहीण गमावलेला, लहानपणी भाजून हाताची बोटं जुळलेली असताना त्याच हाताने बॅट धरून वर आलेला हा माणूस. त्याला दुखापत हे कारण वाटतच नाही. दुसऱ्या बाजूने अमेरिकेत खेळणारा यू दार्विश कोकुबोंच्या पाठीशी उभा राहिला. दार्विशचं स्वतःचं कोपर २०१५ साली शस्त्रक्रियेने शिवलेलं होतं. ज्याने त्याने आपल्या शरीराने शिकवलं तेच सांगितलं.

माझं मत विचाराल तर निर्णय बरोबर होता. चार दिवसांत ३२३ चेंडू, त्यातले कित्येक ताशी दीडशे किलोमीटरच्या वर, आणि पाचव्या दिवशी ३० अंशांच्या उन्हात पुन्हा. हे त्या खांद्याला सांगायचं नाही. पण दोन गोष्टी मला खटकतात. पहिली, त्याला फलंदाज म्हणूनही घेतलं नाही. चौथ्या फेरीत ज्याने बॅटने सामना काढून दिला त्याला बॅटपासूनही दूर ठेवल्यावर उरलेल्या मुलांनी काय समजायचं? दुसरी जास्त गंभीर. संघातल्या बाकीच्या पोरांना याची किंमत द्यावी लागली, आणि त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांचा खांदा १६३चा नव्हता. त्यांच्यामागे स्काउट नव्हते, व्यावसायिक संघ नव्हते. त्यांच्या बेसबॉलचा तो शेवटचा महत्त्वाचा दिवस होता. रोकीने ही शाळा निवडली ती याच मुलांसाठी, आणि त्याचा हात वाचला तो याच मुलांच्या उन्हाळ्याच्या मोबदल्यात. कोकुबोंच्या बाजूने बोलणारे हे सोयिस्करपणे गाळतात. मी त्यांच्या बाजूचा आहे, म्हणून मीच सांगतो.

आपल्याकडे हा प्रश्न बहुधा उलट्या अंगाने येतो. जानेवारी २०१६मध्ये कल्याणला आंतरशालेय सामन्यात एका पंधरा वर्षांच्या मुलाने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. जगभरातून कॅमेरे आले. त्याचं कौतुक झालं, शिष्यवृत्ती मिळाली. पुढचा प्रत्येक डाव त्या हजाराला तोलून पाहिला गेला आणि दोन वर्षांच्या आत ती शिष्यवृत्ती सोडण्याची वेळ कुटुंबावर आली. त्या दुपारी, चारशे-पाचशे झाल्यावर, डाव घोषित करा म्हणणारा एकही मोठा माणूस मैदानावर नव्हता का? असेल, तर त्याचं कुणी ऐकलं नाही.

जपानच्या शालेय बेसबॉल संघटनेने २०१९च्या अखेरीस नियम केला की एका पिचरने आठवड्यात ५०० पेक्षा जास्त चेंडू टाकायचे नाहीत. ओफुनातोच्या वादाचाच हा परिणाम, असं तुम्ही कुठे वाचाल. ते पुरतं खरं नाही. त्याआधीच निईगाता प्रांताच्या संघटनेने सामन्याला १०० चेंडूंची मर्यादा घालायचं ठरवलं होतं, आणि वरून दबाव आल्यावर मागे घेतलं होतं. दुसरं म्हणजे बेरीज करून पाहा. १९, ९३, १९४, १२९. सबंध स्पर्धेत मिळून ४३५. हा नियम तेव्हा असता, तरी त्याने रोकीला अंतिम सामन्यात उतरण्यापासून अडवलं नसतं. नियम आकड्यांवर चालतो. त्या दिवशी समोर जो मुलगा आहे त्याच्याकडे बघायला माणूसच लागतो.

ऑक्टोबरमध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले. जपानमध्ये एकाच मुलाला अनेकांनी मागणी घातली तर चिठ्ठ्या टाकतात. रोकीला चार संघांनी मागितलं. चिबा लोत्ते मरीन्सचे व्यवस्थापक तादाहितो इगुची यांच्या हाताला चिठ्ठी लागली. आता मुलगा कमावता झाला, लगेच खेळवतील, असं सगळ्यांना वाटलं. २०२०चं सबंध वर्ष त्याने एकही अधिकृत सामना खेळला नाही. मुख्य संघात नाही, दुय्यम संघातही नाही. मुख्य संघाबरोबर तो गावोगाव फिरला, जेवला, धावला, वजनं उचलली, सरावात चेंडू टाकले. यामागे पिचिंग प्रशिक्षक मासातो योशिई होते. तेही अमेरिकेत खेळून आलेले, आणि चाळिशी उलटल्यावर त्सुकुबा विद्यापीठात जाऊन प्रशिक्षणशास्त्र शिकलेले. म्हणजे कोकुबोंच्याच विद्यापीठात. योगायोग असेल. पण दमाने घ्यायचं शिकवणाऱ्या जागा जगात थोड्या असतात, आणि माणसं तिथूनच येतात.

२०२१च्या मे महिन्यात तो पहिला सामना खेळला. त्याचा पहिला व्यावसायिक विजय २७ मे रोजी झाला, हानशिन टायगर्सविरुद्ध, त्यांच्या घरच्या मैदानावर. ते मैदान कोशिएन. कथालेखकाने असं लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

आणि १० एप्रिल २०२२. चिबाचं समुद्राकाठचं स्टेडियम, समोर ओरिक्स बफेलोज, आदल्या वर्षीचे लीग विजेते. ‘परफेक्ट गेम’ म्हणजे समोरचे सत्तावीसच्या सत्तावीस फलंदाज बाद, एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोचू द्यायचं नाही. जपानमध्ये याआधी असा खेळ झाला होता १९९४ साली. चेंडू झेलायला बसला होता को मात्सुकावा, नुकताच शाळा संपवून आलेला अठरा वर्षांचा कॅचर. दोघांच्या वयाची बेरीज अडतीस. पहिल्या डावातले दोन फलंदाज बाद झाले आणि तिसरा आला मासाताका योशिदा, जपानमधल्या सर्वांत चिवट फलंदाजांपैकी एक, क्वचितच चेंडू हुकणारा. त्याला रोकीने तीन स्ट्राइकवर परत पाठवलं. तिथून पाचव्या डावाच्या अखेरीपर्यंत जो येईल तो तीन स्ट्राइकवर बाद. सलग तेरा. जपानमधला आधीचा विक्रम नऊचा होता, अमेरिकेतला दहाचा. हत्यारं दोनच. एक सरळ, १६०च्या घरातला चेंडू. दुसरा ‘फोर्क’, दोन बोटांच्या बेचक्यात धरून टाकलेला, जो अगदी पहिल्यासारखाच निघतो आणि बॅटपाशी आल्यावर खाली पडतो. फलंदाज खांद्याच्या उंचीवर बॅट फिरवतोय आणि चेंडू कॅचरच्या बुटांपाशी, असं दृश्य त्या दिवशी पुनःपुन्हा दिसलं. शेवटचा फलंदाज म्हणून ओरिक्सने सुगिमोतोला पाठवलं. तो आदल्या वर्षीचा लीगचा होम रन राजा. तोही फोर्कवर गेला. १०५ चेंडू, १९ स्ट्राइकआउट, सामना ६-०. वीस वर्षं पाच महिने वय, परफेक्ट गेम टाकणारा सर्वांत तरुण.

मला यापेक्षा पुढचा रविवार जास्त मोलाचा वाटतो. १७ एप्रिल, समोर निप्पॉन हॅम. आठ डाव, चोवीस फलंदाज, पुन्हा एकही पोचला नाही. जगातल्या कुठल्याच मोठ्या लीगमध्ये कुणी सलग दोन परफेक्ट गेम टाकलेले नाहीत. तीन फलंदाज उरले होते. चेंडू झाले होते १०२. इगुचींनी त्याला बाहेर काढलं. आणि लोत्ते दहाव्या डावात ०-१ने तो सामना हरली. तीन वर्षांत दुसऱ्यांदा, दुसऱ्या एका मोठ्या माणसाने, रोकीचा हात वाचवायला सामना घालवला. या वेळी मात्र आरडाओरडा फारसा झाला नाही. मोरिओकाच्या त्या दुपारने लोकांच्या कानाला सवय लावली होती.

२०२३च्या जागतिक स्पर्धेत जपानने चेक प्रजासत्ताकाविरुद्ध त्याला खेळवलं. सामन्याची तारीख होती ११ मार्च. चेक संघातले बहुतेक जण नोकरी सांभाळून खेळणारे. रोकीचा १६२चा एक चेंडू सुटला आणि विली एस्काला या फलंदाजाच्या गुडघ्यावर बसला. तो कोसळला, उठला, आणि पळून दाखवत पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांनी रोकी खाऊच्या दोन मोठ्या पिशव्या घेऊन चेक संघाच्या हॉटेलवर गेला.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. पुढची तितकी नाही. २०२४च्या अखेरीस त्याने अमेरिकेत जायचं ठरवलं, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. परदेशी खेळाडू पंचविशीच्या आत गेला तर त्याला खुल्या बाजाराचा भाव मिळत नाही. लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला ६५ लाख डॉलर दिले आणि लोत्तेच्या वाट्याला त्याच्या पंचवीस टक्क्यांइतकी वेगळी रक्कम आली. वर्षभर आधी योशिनोबू यामामोतो पंचविशीत गेला तेव्हा त्याला ३२.५ कोटी डॉलरचा करार आणि त्याच्या ओरिक्स संघाला सुमारे पाच कोटी डॉलर मिळाले होते. लोत्तेचे पाठीराखे चिडले. पाच वर्षं फुलासारखं जपलं, एकदाही पूर्ण हंगाम खेळला नाही, आणि कवडीमोल भावात निघून गेला! राग समजण्यासारखा आहे. पण मुलाचा हात जपणं ही ठेव नव्हे, की मुदत पुरी झाल्यावर व्याजासकट मागावी. पैशाच्या हिशेबाने पाहिलं तर स्वतः रोकीनेच सगळ्यात जास्त सोडलं.

अमेरिकेत सुरुवात वाईट झाली. मार्च २०२५मध्ये टोकियोतच झालेल्या पहिल्या सामन्यात तीन डावांत पाच जणांना फुकट बेस दिला. मे महिन्यात खांदा दुखावला आणि चार महिने गेले. म्हणजे एवढं जपूनही खांदा दुखावलाच. ज्यांना कोकुबो चुकले असं म्हणायचं आहे त्यांनी हा मुद्दा जरूर वापरावा. मला तो पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही, कारण मोरिओकात टाकला असता तर काय झालं असतं हे कुणालाच कळणार नाही. सप्टेंबरअखेर तो परतला तो शेवटच्या एक-दोन डावांसाठी येणारा रिलिव्हर म्हणून. ९ ऑक्टोबरला फिलाडेल्फियाविरुद्ध तीन डाव टाकले, नऊ फलंदाज आले, नऊ गेले.

मग वर्ल्ड सीरिज. डॉजर्स आणि टोरोंटो ब्लू जेज, तीन-तीन बरोबरी, १ नोव्हेंबरला सातवा सामना. आदल्याच रात्री यामामोतोने ९६ चेंडू टाकून सहावा सामना जिंकून दिला होता. सातव्यात, सामना अडला असताना, तोच पुन्हा आला. एक दिवसाचीही विश्रांती नाही. शेवटचे आठ बळी त्याने मिळवले, ३४ चेंडूंत, अकराव्या डावात सामना संपवला आणि मालिकावीर ठरला. जपानमध्ये वडीलधाऱ्या मंडळींनी टीव्हीसमोर मांड्यांवर थाप मारली असणार. बघा, याला म्हणतात पिचर. आणि खरं सांगायचं तर बघताना मीसुद्धा उभा राहिलो होतो.

मग मी इतका वेळ काय बोलत होतो? यामामोतो सत्तावीस वर्षांचा होता. हाडांची वाढ संपून जमाना झालेला. शरीर ओळखणारा त्याचा स्वतःचा प्रशिक्षक त्याच्याबरोबर होता. हात दुखावला असता तरी करार पक्का होता. आणि आपण टाकू शकतो हे त्याने स्वतः सांगितलं होतं. रोकीला २०१९ साली यातलं काहीच नव्हतं. सतराव्या वर्षी मुलगा कधीच नाही म्हणत नाही, म्हणून कोकुबोंनी त्याला विचारलं नाही हे मला कळतं. तरी विचारायला हवं होतं असं मी आजही म्हणेन. विचारून, ऐकून, मग नाही म्हणायचं. त्याच्या जोडीला त्या बाकीच्या मुलांनाही बसवून सांगायचं. निर्णय तोच राहिला असता.

मालिका संपल्यावर डॉजर्सनी जाहीर केलं की २०२६साठी रोकीला पुन्हा सुरुवातीचा पिचर म्हणूनच तयार करायचं. म्हणजे पुन्हा पाच-सहा डाव, ऐंशी-नव्वद चेंडू, आणि सामना रंगात आलेला असताना त्याला काढायचं की ठेवायचं याचा दर आठवड्याला नवा वाद. फरक एवढाच की आता तो चोवीस वर्षांचा आहे आणि डगआउटमध्ये त्यालाही विचारतील.